बिनखताचे डबे

मासे विकणाऱ्या गंगूची लेक पद्मावती. नववीतली पोर, पण तोरा असा, की यंदा कसालच्या विज्ञान प्रदर्शनाला आपणच जाणार हे तिने गावभर सांगून टाकलं होतं. प्रयोग तसा साधाच. डालड्याच्या डब्यांत तांबडा माठ पेरायचा, काहींना युरिया द्यायचा, काहींना नुसतं पाणी, आणि नत्राने रोप किती वाढतं ते दाखवायचं. काशीराम सर म्हणाले होते, "जमलं तर तूच जाशील."

मध्येच मावशी आजारी पडली आणि पद्मावतीला नांदगावला जावं लागलं. जाताना तिने आईला भराडीदेवीची शपथ घातली. बिनखताच्या डब्यांत विहिरीच्या पाण्याशिवाय काही पडता कामा नये! गंगूने शपथ घेतली.

परतली ती थेट शाळेत. डबे गंगूनेच पाटीत घालून, डोक्यावरून मिरवत आणून ठेवले होते. पद्मावतीने पाहिलं आणि तिच्या पायांखालची जमीनच सरकली. बिनखताचा माठ युरियावाल्याला मागे टाकून तरारला होता. सरांनी वाकून माती चाळवली. मातीत तारल्यांची खवलं चकाकत होती. मासे धुतलेलं पाणी! पद्मावतीच्या दारचा माड त्याच पाण्यावर पोसलेला.

"कोणी घातलं हे?"

वर्ग हसायला टपलेलाच होता. आईचं नाव तिने गिळलं. "मीच, सर."

कसालला वर्गातल्या आनंदीचा लोहचुंबकाचा प्रयोग गेला.

घरी गंगू वाटच बघत होती. "काय म्हणाले गो सर? बरी वाढली मां?"

"आये, तू भराडीची शपथ घेतलेलंस!"

"घेतलंय. पण रोपां पिवळी पडान मरत होती. उपाशी कोणाक ठेवचा माका जमना नाय गो. देवीक नारळ देतलंय, झाला."

शेजारणीने केलं असतं तर कडाकडा भांडता आलं असतं. इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं. वर नारळात मिटवायला निघालेली! पद्मावतीला रडूही येईना, इतका राग आला.

संध्याकाळी गंगूने ताट वाढलं. तारल्यांचं सार, भात आणि त्याच डब्यांतली तांबडी भाजी. पद्मावतीने ताट दूर सारलं.

"जेव गो बाये. भूक नाय तुका?"

"आसा," पद्मावती म्हणाली, आणि आईला नीट दिसेल अशी, तिच्यासमोर उपाशी बसून राहिली.