बऱ्यापैकी समाधानी

प्रश्न १. दुरुस्तीसाठी आलेली व्यक्ती आपल्याशी सौजन्याने वागली का?

वागली. तेच तर नडलं.

कॉलिन कौन्सिलच्या, म्हणजे भाड्याने घरं देणाऱ्या नगरपालिकेच्या, दुरुस्ती खात्यातला. पन्नाशीचा, गुडघ्यांनी जेरीला आलेला. हायफील्ड वसाहतीत टॉर्डॉफांच्या घरी तो सहाव्यांदा आला, तरी बूट दारातच काढून, मोज्याचं भोक लपवत आत आला. झोपायच्या खोलीतल्या, बुरशीने काळ्या पडलेल्या भिंतीवर त्याने औषध मारलं, पुसलं, वर पांढरा रंग दिला.

"काकू, पाणी वरच्या पन्हाळीतून येतंय," तो म्हणाला. "तिथं चढायला मचाण लागतं, अन् मचाणाचं खातं वेगळं. माझ्या यादीत फक्त भिंत."

मग त्याने चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, आणि ग्लेनिस टॉर्डॉफने त्याच्या हातातल्या यंत्रावर बोटाने सही केली. सही झाली की काम पूर्ण.

चार दिवसांनी कौन्सिलचा फोन आला. दुरुस्तीबद्दल आपण समाधानी आहात का? मुलगी गोड बोलत होती. नाही म्हणावं तर कॉलिनवर शेकणार. आणि नाही म्हणायचं तरी कसं? ग्लेनिसची आई युद्धात बॉम्ब पडलेल्या घरातून धुळीने माखून बाहेर आली, तेव्हा विचारणाऱ्याला म्हणाली होती, "तशी काही तक्रार नाही." त्या आईची ही लेक, बाहत्तर वर्षांची.

"बऱ्यापैकी समाधानी," ती म्हणाली.

तीन आठवड्यांत रंगाखालून काळं पुन्हा वर आलं.

प्रश्न २. आपले घर आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित आहे का?

अत्यंत ☐ बऱ्यापैकी ☐ सांगता येत नाही ☐

लेनला, तिच्या नवऱ्याला, सांगता आलं असतं, पण तो बोलायला लागला की खोकतो. दीड महिना तो हॉस्पिटलात पडून होता. छाती आता बरीच निवळली होती. वॉर्डातल्या मुख्य नर्सने ग्लेनिसला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं: शुक्रवारी खाट रिकामी करायची. घरची खोली कोरडी असेल तर घरी; नाहीतर दोन बस बदलून जावं लागणाऱ्या वृद्धाश्रमात, आणि तिथून बाहेर कधी, ते कोणी सांगत नाही.

"तिथं रोज दुपारी सगळ्यांना गाणी म्हणायला लावतात म्हणे," लेन म्हणाला. "त्यापेक्षा बुरशी बरी. ती निदान गप्प असते."

ग्लेनिसने कौन्सिलला फोन लावला. चाळीस मिनिटं फोन धरून तीच ती धून ऐकली. मग एका माणसाने नोंद वाचून दाखवली. काम पूर्ण. सहाही वेळा वेळेत पूर्ण. ग्राहक समाधानी. आता नवी तक्रार करावी लागेल, आणि तिचे दिवस आजपासून मोजले जातील.

प्रश्न ३. (हा प्रश्न आपल्याला लागू नाही.)

प्रश्न ४. कौन्सिल आपले म्हणणे ऐकून घेते का?

सोमवारी पत्र आलं. कौन्सिल आपली घरं नियमांच्या दर्जाप्रमाणे ठेवते की नाही, हे तपासायला सरकारी निरीक्षक बुधवारी येत होते. त्यांना काही भाडेकरूंशी बोलायचं होतं, सौ. टॉर्डॉफ येतील का? आपलीच निवड का झाली, हे तिला टाऊन हॉलच्या पायऱ्या चढताना उमगलं. तिथे जमलेले सगळेच बऱ्यापैकी समाधानी होते.

एका गृहस्थाने कचऱ्याच्या डब्यांचं कौतुक केलं. एका बाईने नवा जिना छान असल्याचं सांगितलं. घरांच्या खात्याची प्रमुख बेव्हर्ली प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. करड्या स्वेटरमधला निरीक्षक ग्लेनिसकडे वळला. तुमचं कसं काय?

"तशी काही तक्रार..." ती म्हणाली, आणि थांबली. पुढचा शब्द जिभेवर तयार होता. तो तिने गिळला.

पिशवीतून तिने लेनचा चांगला कोट काढला. शुक्रवारी घरी येताना घालायचा म्हणून सकाळी खुंटीवरून काढला होता. कॉलरवर हिरवट लव उगवली होती. तिने तो बिस्किटांच्या बशीशेजारी पसरला.

"हा कोट त्या भिंतीला टेकून लटकत होता," ती म्हणाली. "आणि नवरा त्या भिंतीला टेकून झोपत होता."

कोणीतरी बशी हळूच पलीकडे सरकवली.

निरीक्षकाने बराच वेळ लिहिलं. मग हळू आवाजात सांगितलं, की एकेका घराचं काम त्याच्या अखत्यारीत येत नाही. तो एकूण व्यवस्था बघतो.

जिन्यावर बेव्हर्लीने तिला गाठलं. ग्लेनिसला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण बेव्हर्लीचा चेहरा खुलला होता. नवं काम आजच नोंदवते, म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "फार बरं झालं तुम्ही बोललात. भाडेकरू आमच्यासमोर मोकळेपणाने बोलतात, हे त्यांनी लिहून घेतलंय. कौन्सिलचा दर्जा ठरवताना त्याला मोठं वजन असतं."

ग्लेनिस कोट छातीशी धरून बसने घरी आली. शेजारची सीट रिकामीच राहिली.

प्रश्न ५. काम पूर्ण झाले. कृपया येथे सही करा.

गुरुवारी सकाळी दारात कॉलिन. हातात रंगाचा डबा.

"पन्हाळ?" तिने विचारलं.

"भिंत," तो म्हणाला. नजर बुटांकडे.

त्याने फवारलं, पुसलं, रंगवलं. तिने चहा केला. त्याने यंत्र पुढे धरलं. तिने हात मांडीखाली घेतले.

"काकू, सहीशिवाय हे काम यंत्रात बंद होत नाही. अन् हे बंद झाल्याशिवाय पुढच्या घराचं उघडत नाही."

"मग राहू दे उघडं."

"माझ्यावर राग आहे का तुमचा?"

"नाही रे. तू भला माणूस आहेस. त्यापायीच सहा वेळा सही केली मी." तिने त्याच्या कपात दूध घातलं. "उद्या लेन येणार. एकतर या खोलीत, नाहीतर... तुझ्या साहेबांना फोन कर. सांग, म्हातारी सही देत नाही."

कॉलिनने रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. मग त्याने फोन लावला आणि टेबलावर ठेवला. तीच धून सुरू झाली. गुडघे चोळत तो खुर्चीत मागे रेलला.

"वेळ लागेल," तो म्हणाला.

ग्लेनिसने किटली पुन्हा भरली.

☐ ☐ ☐ ☐ ☐