काळं पडणारं फडकं

"निघालं! विष निघालं!"

मंगोलियाची राजधानी उलानबातर इथल्या कॅन्सर रुग्णालयात, चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डात, भेटीच्या वेळेला एकच गलका उठला. खाटेवर गोम्बोजाव नावाचा मेंढपाळ पोट उघडं टाकून पडला होता. सहा दिवसांपूर्वी त्याच्या यकृतातली गाठ काढली होती. टाक्यांवरची पट्टी आता जमिनीवर होती, आणि तिच्या जागी मांत्रिक सोद्नोमचं मातकट फडकं. बाटलीतलं पाणी शिंपडलं की ते काजळासारखं काळं होई.

"डॉक्टरांनी गाठ काढली, पण गाठीची सावली कुणी काढली?" सोद्नोम घंटा वाजवत गरजला. "डोंगराच्या देवाचं पाणी आहे हे!"

गर्दी ढकलत परिचारिका दुलमसुरेन आत आली आणि तिचं डोकंच भणाणलं. जखमा चिघळू नयेत म्हणून महिनाभर ती जीव तोडून राबत होती. साबणाने अंघोळ, चिरण्याआधी वेळेवर इंजेक्शन, कातडीला बारीक चिरा पडतात म्हणून केसांना वस्तरा लावायचा नाही, रक्तातल्या साखरेवर नजर, प्रत्येक खाटेपाशी हात धुणं. तरी तीन जखमा चिघळल्या होत्या, आणि सर्जन तिलाच झापत होते.

"हात धुतलेत?" तिने विचारलं.

"माझे हात देवाने धुतलेत, पोरी."

लोक हसले. तिने फडकं हिसकावलं. त्या ओढाताणीत बाटली हिंदकळली आणि गोम्बोजावच्या बायकोच्या, त्सेंदमाच्या, कपात पाणी उडालं. कपातला कोरा चहा बघता बघता शाईसारखा झाला.

दुलमसुरेन थबकली. "काकू, चहात काय घातलं होतंत?"

"चिमूटभर मीठ. आणखी काय घालणार?"

तिने फडकं नाकाला लावलं. चहाचाच वास. सोद्नोमच्या पिशवीतून दुसरं कोरडं फडकं काढून तिने ते खिडकीच्या कट्ट्यावर पसरलं आणि वर पाणी ओतलं. काळं! मग सोद्नोमचा हात धरून आणखी एक फडकं त्याच्या तळहातावर ठेवलं आणि तेच केलं. तेही काळं!

"खिडकीला कॅन्सर झालाय का, बाबा? आणि तुमच्या तळहाताला?"

लोक खिडकीच्या कट्ट्याकडे वाकून बघू लागले. दुलमसुरेनने काळं फडकं वर धरलं.

"चहात उकळून वाळवलेलं फडकं, आणि पाण्यात लोखंडाचा क्षार. दोन्ही भेटले की काळं होतं. शाई बनवतात तशी! आणि ही घाण तुम्ही उघड्या टाक्यांवर ओतताय. काकू, हा आधी किती वेळा आला होता?"

"दोनदा," त्सेंदमा पुटपुटली.

टाक्यांभोवती लाली होती, कडेला पू. अंगात ताप.

"तुमच्या अविश्वासाने पाणी बाटलं," म्हणत सोद्नोम जिन्याकडे सटकला. खाली पहारेकऱ्यांनी त्याला धरलं.

त्सेंदमा रडत म्हणाली, "मग आम्ही करायचं काय, सिस्टर? नुसतं बघत बसायचं?"

दुलमसुरेनच्या ओठांवर आलेले कडू शब्द तिथेच राहिले. ही बाई चारशे किलोमीटरवरून आली होती, आणि काय करायचं ते तिला आजवर कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आपणसुद्धा नाही.

"हात धुवा. पट्टीला बोट लावू नका, ओली झाली तर सांगा. लाली, पू, ताप दिसला की मला हाक मारा."

"एवढंच?"

"एवढंच. पण रोज."

गोम्बोजावची जखम उघडून धुवावी लागली. चार दिवसांत जायचा तो बावीस दिवसांनी घरी गेला. पण चालत गेला. त्याच आठवड्यात दुसऱ्या वॉर्डातल्या एकाने दुलमसुरेनला हळूच विचारलं, "त्या मांत्रिकाचा फोन नंबर आहे का हो?" तिने कपाळावर हात मारला आणि त्याला खुर्ची दिली. पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसली.

जखम भरणारी गोष्ट काळी होत नाही, घंटा वाजवत नाही. ती साबणाच्या फेसाएवढी साधी असते. चमत्कार दिसला की आधी विचारा: हेच खिडकीवर केलं तर काय होईल?