तिच्या मापाची टाकी

मला मोटारसायकल चालवता येत नाही. हे मीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर आमचा पेंटर सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल. तीस वर्षं मी मोटारसायकलच्या टाक्या कापतोय, ठोकतोय, जोडतोय. हौशी लोक लांबून येतात, टाकी अशी करून द्या, तशी करून द्या म्हणतात. त्यांची कामं उरकून मी घरी जातो चालत. एकदा शिकायला बसलो होतो. शेडच्या दारातून निघालो तो थेट समोरच्या फर्निचरवाल्याकडे, विकायला मांडलेल्या सोफ्यावर जाऊन थांबलो. त्यानंतर त्या फंदात पडलो नाही.

पडायची गरजही नव्हती. गाडी बायको चालवायची, मी मागे बसायचो.

ती वीज खात्यात. घरोघरी जाऊन मीटर वाचायची. लग्नाआधी टाकीला पोचा आला म्हणून माझ्याकडे आली आणि "नीट काढा हं, नाहीतर परत येईन" असा दम देऊन गेली. तो पोचा मी मुद्दाम अर्धवट काढला. ती परत आली. लग्नानंतर दम तसाच राहिला, फक्त 'अहो'चं 'अरे' झालं. चारचौघांच्या घरी याच्या उलटं होतं म्हणे. माझ्या आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

पाच वर्षांपूर्वी तिचे सांधे धरले. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी चहाचा कप उचलवेना. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन डॉक्टर झाले, औषधांचा डबा भरला. खात्याने तिला ऑफिसात खुर्ची दिली, आणि गाडी माझ्या शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली. आता वर्षभर नवं औषध लागू पडलंय. गेल्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हलकी गाडी असेल, बसायला सोपी असेल, तर जवळपास चालवायला हरकत नाही." मला आकाश ठेंगणं झालं. घरी आल्या आल्या मी गाडीचा विषय काढला. ती चष्मा पुसत होती. "विकून टाक ती," म्हणाली, आणि भिंतीला ओल आलीय त्याचं काय करायचं ते विचारायला लागली.

खरं सांगू? मला तिची पाठ हवी होती. मागच्या सीटवर बसलं की ती बोलायची, निम्मे शब्द वारा घेऊन जायचा, आणि मी आपला न ऐकताच "हं, हं" करायचो. मधेच मान वळवून विचारायची, "काय सांगितलं मी?" माझी त-त-प-प. मग ती हसायची, आणि तिच्या हसण्याने माझे हातसुद्धा हलायचे, कारण ते तिच्या कमरेला असायचे. आता ती दिवसभराचं काम करून येते, समोर बसून जेवते, शेजारी झोपते. भांडण नाही, तंटा नाही. पण ती तशी हसत नाही, आणि घरातल्या घरात मला तिची इतकी आठवण येते की कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, बायको समोर बसलीय आणि याला वेड लागलंय.

तर मी ठरवलं, गाडीच बदलायची. तिला न विचारता. सीट खाली आणली, हॅण्डल तिच्याकडे ओढून घेतलं, नको ते लोखंड काढून वजन कमी केलं. राहिली टाकी. मूळची टाकी चांगली गलेलठ्ठ, पाय फाकवून बसावं लागे. ती तिच्या कमरेला झेपली नसती. दोन्ही बाजूंनी कापून बारीक करायची आणि गुडघ्यांना खळगे काढायचे, म्हणजे गाडी आपोआप मांड्यांत धरली जाते, हातांवर ताण येत नाही. लोकांसाठी असे खळगे मी शेकड्यांनी काढलेत.

टाकी कापायची म्हणजे थट्टा नाही. पेट्रोल काढलं तरी वाफ आत दडून बसते, आणि एका ठिणगीत माणसाचं बोलणं कायमचं बंद होतं. गरम साबणाच्या पाण्याने चारदा खळखळून धुतली, दोन दिवस तोंड उघडं ठेवून उन्हात ठेवली, तरी कापताना आत पाणी भरलं. त्याआधी माप उतरवून घेतलं. जुन्या टाकीवर दोन्हीकडे तळहाताएवढा रंग उडालेला होता. वीस वर्षं तिचे गुडघे तिथे घासले होते. मी त्यावर पुठ्ठा धरला आणि कड न कड काढून घेतली.

पेंटर बघत होता. म्हणाला, "मास्तर, वहिनींना एकदा बसवून माप घ्या की."

"वीस वर्षं मागे बसलोय मी तिच्या. माझ्या बायकोचे गुडघे मला शिकवतोस?"

"मागे बसून गुडघे दिसतात होय?"

मी त्याला शेडबाहेर हाकलला. अर्धी शेड त्याचीच आहे, हे जरा उशिरा लक्षात आलं.

तीन आठवडे लागले. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने एकेक खळगा घडवला. इतका हळू ठोकत होतो की पेंटरने विचारलं, टाकी बनवताय की तिला निजवताय. जोड लावले, घासले, हवा भरून साबणाचं पाणी फिरवलं, एक बुडबुडा आला नाही. वरून नुसता राखाडी प्राइमर मारून ठेवला. रंग तिला विचारायचा होता. एवढं तरी विचारायचं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिला म्हटलं, शेडवर चल, एक वस्तू दाखवायचीय. ती आली, आणि दारातच थांबली.

"विकून टाक म्हटलं होतं ना मी?"

"ऐकू नाही आलं."

"आपण गाडीवर नव्हतो. घरात होतो."

पण आत आली. गाडीभोवती सावकाश फिरली, सीटवर हात ठेवून बघितलं किती खाली आलीय ते. टाकीवरून बोटं फिरवली, आणि जोड कुठे आहे ते शोधत राहिली. सापडला नाही. "कसब आहे तुझ्या हातात अजून," म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

मी गाडी धरली, ती बसली. पाय टाकायला त्रास झाला नाही. डावा गुडघा अलगद खळग्यात गेला, जणू कालच उठून गेली होती. हॅण्डल धरलं, पाठ ताठ झाली, आणि मला क्षणभर वाटलं, झालं, आली.

उजवा, ऑपरेशनचा गुडघा जाईना. तो बाहेरच राहिला, पुढे, आणि खळग्याची कड तिच्या मांडीवर दाबायला लागली. पाऊल अधांतरी.

"थोडा मागे घे," मी म्हटलं.

"जात नाही."

"जरासाच घे ना, बसेल तो—"

"अरे, जात नाही म्हणतेय ना!"

पेंटर "आलोच" म्हणत बाहेर सटकला.

तिने ओठ आवळून पुन्हा एकदा करून बघितलं. मग सोडून दिलं. "कुणाच्या मापाने केलीस ही?"

"तुझ्याच की. जुन्या टाकीवर रंग उडालाय, तिथूनच उतरवलं. सुताइतका फरक नाही."

ती खळग्याकडे बघत राहिली. "हे माझे गुडघे नाहीत रे," ती म्हणाली. "हे तिचे आहेत. मीटर वाचत फिरायची तिचे."

मला आधी रागच आला. तीन आठवडे जीव ओतला आणि ही बोट ठेवतेय, असं वाटलं. तोंड उघडलंही होतं. मग तिचा चेहरा बघितला आणि काय करून बसलोय ते डोक्यात शिरलं. जिला बसवायचं होतं तिला मी एकदाही विचारलं नव्हतं.

"तुला तिची आठवण येते ना?" तिने विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. वीस वर्षं न ऐकता हं-हं केलंय, हेही निभावलं असतं. पण म्हटलं, "येते. रोज येते. तू समोर असलीस की जास्त येते."

मला वाटलं आता उतरेल आणि घरी जाईल. मी गाडी घट्ट धरून ठेवली.

"मलाही येते," ती म्हणाली. "मला वाटायचं, मला एकटीलाच येते."

पाच वर्षांत हे आम्ही एकमेकांना बोललो नव्हतो. डबाभर औषधांबद्दल बोललो, भिंतीच्या ओलीबद्दल बोललो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि दोन्ही हात गाडीला, पुसायची पंचाईत. तिनेच हात लांब करून तिच्या वाकड्या बोटांनी पुसलं, जरा जोरातच.

"ती काही यायची नाही आता," ती म्हणाली. "माझ्या मागे बसायचंय का तुला? मग माझं माप घे."

मी पेंटरला हाक मारून गाडी धरायला लावली आणि खडू घेऊन तिच्या पायाशी बसलो. तिने उजवा पाय सोडला, जिथे राहतो तिथे राहू दिला. मी हळूच गुडघा हाताने धरला आणि त्याच्याभोवती रेघ काढली. जुन्या खळग्यापासून ती चार बोटं पुढे आली, आणि दोन बोटं खाली.