कायमचा

“म्हणजे कायमचा?” ताईनं फोनवर विचारलं.

“हो, कायमचा,” धाकटा म्हणाला. “कंपनी विकली. कॉलेजातही सांगून ठेवलंय, पुढच्या सत्राला मला धरू नका म्हणून. तू फक्त वरची खोली झाडून ठेव.”

फोन तुटला की काय म्हणून त्यानं दोनदा हॅलो केलं, तेव्हा ती म्हणाली, “ऐकतेय रे मी. ये. घर तुझंच आहे.”

साठी उलटली तरी तो घरात धाकटाच होता. परदेशी निघाला तेव्हा ‘दोन वर्षं, फार तर तीन’ असं ताईला सांगून निघाला होता. ती दोन वर्षं दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. मग एका लाँड्रीमागची खोली भाड्यानं घेऊन त्यानं स्वतःचं यंत्र केलं. मुठीत मावेल एवढं. पाण्यात बुडवलं की ते पाणी पिण्याजोगं आहे की नाही, ते सांगणारं. लाँड्रीच्या वाफेनं सर्किटं दमट व्हायची. तो आणि त्याचा एकुलता एक कामगार ती पापडासारखी पंख्याखाली वाळत घालायचे. सुरुवातीला कुणी ढुंकून पाहिलं नाही. बँकेतला साहेब तर त्याचे उच्चार ऐकूनच घड्याळाकडे बघायला लागायचा. बायको नर्स होती, तिच्या पगारावर घर चाललं. मग एका वर्षी पूर आला, शहरभर नळाला गढूळ पाणी यायला लागलं आणि नगरपालिकेची गाडी लाँड्रीसमोर येऊन थांबली. त्यानंतर त्यानं मागे वळून पाहिलं नाही, असं लोक म्हणायचे. खरं तर तो सारखा मागेच वळून पाहत होता.

हाताखाली माणसं हवीत म्हणून तो तिथल्या तांत्रिक कॉलेजात संध्याकाळचा वर्ग घ्यायला लागला. समोर कोण? एक ट्रकवाला, एक गवंडी, दोन पोरांची एक आई. सगळे कुठून कुठून येऊन पडलेले. तिथे त्याच्या उच्चारांना कुणी हसायचं नाही, कारण प्रत्येकाचेच तसे. कंपनीत तो काम करायचा. वर्गात जीव ओतायचा. वीज कशी वाहते हे सांगताना दर वर्षी घरामागच्या ओढ्याचं चित्र फळ्यावर काढायचा. इथे उतार, इथे मोठा दगड, इथे ताई धुणं धुवायची. वर्ग ताईलासुद्धा वहीत उतरवून घ्यायचा.

“तुझं मन कधी इथे आलंच नाही,” निघायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. ताप बघून आकडा सांगावा तसं म्हणाली. “जा तू. मी येऊन-जाऊन राहीन, मला नातवंडं सोडवत नाहीत. पण माझं ऐक, आधी नुसती बॅग घेऊन जा. सामान नंतर.”

ताई फाटकातच उभी होती. पार वाळली होती. “अरे, किती पिकलास!” म्हणत तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो बॅग घेऊन तडक जिन्याकडे वळला, तर वरून दोन मुली चपला वाजवत खाली उतरल्या.

“ही बँकेत असते, ही औषधांच्या दुकानात,” ताई म्हणाली. “वर राहतात. झाली की आता चार वर्षं.”

“मला कधी बोलली नाहीस!”

“फोनवर काय काय सांगायचं? महिनाअखेर जातील त्या. मी सांगितलंय त्यांना.”

मुली हसल्या. औषधांच्या दुकानातली जरा कमी हसली.

त्याची गादी पुढच्या खोलीत पडली. उशाशी ताईनं विकतच्या पाण्याची बाटली आणून ठेवली.

“ताई, अगं, जन्मभर पाण्याचंच यंत्र केलं मी! मला बाटली? घरचं दे की.”

“तुझं यंत्र ठेव तिकडे. पाच वर्षांमागे आलास तेव्हा आठ दिवस आडवा होतास, विसरलास? पाहुण्याला आजारी पाडायचं नाही मला.”

पाहुणा हा शब्द ती सहज बोलून गेली. तोही हसला आणि त्यानं बाटली उघडली.

सकाळी तो मागच्या दाराला गेला. ओढ्यावर काँक्रीटचा स्लॅब पडला होता आणि त्यावर ओळीनं स्कूटर लावल्या होत्या. त्यानं कान देऊन ऐकलं. खाली पाणी होतं की नाही, कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात तो आपल्या जुन्या कॉलेजात गेला. फुकट शिकवीन म्हणाला. प्राचार्य वयानं त्याच्यापेक्षा बरेच लहान. त्यांनी तोंडभर स्वागत केलं, एक व्याख्यान ठरवलं. सभागृह खच्चून भरलं. त्यानं तासभर जीव तोडून सांगितलं, शेवटी “विचारा” म्हणाला, तर सगळ्यांचा प्रश्न एकच, “सर, तिकडे जायचं कसं?”

“मी इकडे यायचं कसं ते शोधतोय,” तो म्हणाला. विनोद समजून सभागृह हसलं. “कळवतो,” असं प्राचार्यांनी निरोप देताना सांगितलं. पण कळवलं काही नाही.

ताईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. एका दुपारी तो म्हणाला, “आण, आज थेंब मी घालतो.” ती खुर्चीत मान मागे टाकून बसली. केसाएवढ्या तारा सरळ बसवणारा हात त्याचा, पण नेम काही लागेना. पहिला थेंब गालावर गेला, दुसरा कानात. “अरे, डोळा वर आहे,” ताई म्हणाली आणि दोघं पोट धरून हसली.

तेवढ्यात औषधांच्या दुकानातली मुलगी जेवायला घरी आली. खांद्यावरची पिशवीही न उतरवता तिनं बाटली घेतली, ताईच्या कपाळावर तळवा ठेवला आणि “आजी, छताकडे,” म्हणाली. थेंब अचूक पडला. ताईनं डोळे मिटले आणि न बघताच तिचा हात धरून ठेवला. धाकटा बाटलीचं झाकण हातात घेऊन बाजूला उभा होता. इतकी वर्षं त्याच्या मनात या घरातली एक जागा रिकामी होती. इथे मात्र ती कधीच भरली होती, आणि ज्यांनी भरली त्यांनी भांडून घेतली नव्हती.

रात्री जेवताना तो म्हणाला, “ताई, तिकडच्या कॉलेजातून फोन होता. माझ्याशिवाय अडलंय म्हणतात. एक सत्र तरी घ्यावंच लागेल.”

असा फोन आलाच नव्हता. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी त्याचं खोटं ती एका नजरेत पकडायची.

“मग जायलाच हवं,” ती म्हणाली. “शिकवायचं काम अर्धवट टाकू नये.” आणि जरा थांबून, “मुलींना थांबा म्हणून सांगू?”

“सांग.”

तिनं त्याच्या ताटात अजून थोडा भात वाढला. नको म्हणाला नाही तो.

निघायच्या दिवशी मुलींनी त्याची बॅग गाडीत ठेवली. ताई फाटकाशी आली. “पोचलास की फोन कर,” एवढंच म्हणाली. कधी येशील, हे या वेळी तिनं विचारलं नाही.

दर वेळी तो निघाला की गाडी कोपऱ्यामागे दिसेनाशी व्हायची आणि तिथून उजवीकडे वळायची. मग समोरच्या मैदानापलीकडे, दोन इमारतींच्या फटीतून, पुन्हा एकदा क्षणभर दिसायची. ताई तेवढ्यासाठी फाटकात थांबून राहायची. तोही तिथे खिडकीतून हात काढायचा. आज कोपऱ्यापलीकडे रस्ता खणून ठेवला होता. ड्रायव्हरनं न विचारताच गाडी डावीकडे घातली, घराला वळसा मारला आणि मागच्या गल्लीतून बाहेर काढली.

तिथून, घर आणि शेजारच्या कुंपणामधून, त्याला ताई पाठमोरी दिसली. एक हात फाटकावर होता. दुसरा अर्धा वर उचलून ती मैदानापलीकडच्या त्या फटीकडे बघत उभी होती.

“साहेब, थांबवू का?” ड्रायव्हरनं आरशातून विचारलं.

त्यानं मान हलवली, नको म्हणून. मग खिडकीची काच खाली केली आणि तिच्या पाठीकडे बघत हात बाहेर काढून धरला.