देठाशी एक पान

मॅनेजरने कॉम्प्युटरचा पडदा आत्याकडे फिरवला आणि फोटो मोठा करत नेला. आधी खोक्यांची रास दिसली, मग एक उघडलेलं खोकं, मग एक संत्रं आणि शेवटी पडदाभर एक पान. हिरवं, करंगळीएवढं, देठाला चिकटलेलं. सोळा दिवस समुद्रातून जाऊनही मेलं टवटवीत होतं.

"दिसतंय ना, आत्या?"

"न दिसायला काय झालं? पान आहे."

"त्या पानापायी अख्खा कंटेनर बंदरात अडवलाय. आता तिथेच जाळणार."

आत्या खुर्चीच्या कडेवर टेकली. शेडमध्ये तिला सगळे आत्याच म्हणत. ती नक्की कोणाची आत्या, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं ती इथे संत्री भरत होती, आणि त्यातली बारा वर्षं भरणाऱ्या बायकांची मुकादम होती. जाळण्याची गोष्ट ऐकून तिला राग यायला हवा होता. आला तो नुसता थकवा, गुडघ्यांपासून वर चढणारा.

"खोक्यावर चौदाचा शिक्का आहे," मॅनेजर म्हणाला.

भरणाऱ्या प्रत्येक बाईचा एक नंबर, आणि भरलेल्या प्रत्येक खोक्यावर त्या नंबराचा शिक्का. चौदा नंबर आत्याच्या सुनेचा होता.

"तिला विचारलंत?"

"सकाळीच. 'नंबर माझाच आहे' म्हणाली. पुढे अवाक्षर नाही." त्याने पोटातल्या जळजळीवरची गोळी चघळायला घेतली. मोसम सुरू झाल्यापासून त्याचं तोंड या गोळ्यांनी पांढरंच असे. "मोसमाच्या सुरुवातीला पहिलं पान सापडलं तेव्हा मी वरच्यांना काहीबाही सांगून निभावून नेलं. तुम्हाला आठवत असेल."

आत्याला आठवत होतं. त्या खोक्यावर सातचा शिक्का होता, आणि सात नंबर तिचा स्वतःचा होता.

"हे दुसरं. तिसरं सापडलं तर नुसती आपली शेड नाही, या सगळ्या भागाची संत्री मोसमभर बंद. करारात तसं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा कुणाला तरी काढल्याचं दाखवावंच लागेल." त्याने एक कागद पुढे सरकवला. "चौदा नंबर उद्यापासून कामावर नाही. तपासनीसाची जागा तिला द्यायचं ठरलं होतं, तेही गेलंच. मुकादम म्हणून खाली तुमची सही लागते."

आत्याने कागदाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं.

"चष्मा टेबलावर राहिलाय माझा," ती म्हणाली. "आणि या फोटोची एक प्रत द्या. तिच्या नाकासमोर धरते."

चष्मा तिच्या गळ्यातच लोंबकळत होता. मॅनेजरने तो पाहिला आणि प्रत काढून दिली.

करार झाला त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधी संत्री ट्रकमधून जवळच्या बाजारात जात, आणि तिथल्या व्यापाऱ्यांना देठाशी पान लागे. पान हिरवं म्हणजे फळ काल तोडलेलं, हे गिऱ्हाइकाला सांगावं लागत नसे. प्रत्येक फळाला एक पान ठेवायचं, फाटलेलं नाही, किडलेलं नाही, खोक्यात वर दिसेल असं. त्यात आत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग दोन सरकारांनी कुठेतरी सह्या केल्या, समुद्रापलीकडच्या देशाने आपल्या संत्र्यांवरची जकात काढून टाकली आणि इथल्या लोकांना आकाश ठेंगणं झालं. भाजीपाला उपटून लोकांनी बांधापर्यंत संत्री लावली. पत्र्याच्या शेडला शीतगृह जोडलं गेलं, चाळीस बायकांच्या दोनशे झाल्या. जवळचे व्यापारी दोन मोसम रिकाम्या हाताने परत गेले आणि नंतर फिरकलेच नाहीत. जकात गेली खरी, पण तिच्या जागी नियमांचं एक जाडजूड पुस्तक आलं. त्यातला पहिलाच नियम पानाचा होता. पानाआड किडीची अंडी असतात म्हणे. आत्यानेच मग सगळ्या बायकांना उभं करून सांगितलं होतं की आजपासून पान दिसलं तर माझ्याशी गाठ आहे.

सून आपलं टेबल ओल्या फडक्याने पुसत होती. आवराआवर चालली होती हे लांबूनच कळत होतं. शिक्का तिने धुऊन कोपऱ्यात ठेवला होता.

"काय गं, डोळे कुठे होते तुझे?"

"चुकलं, आई."

"चुकलं म्हणे! अगं, हातातोंडाशी आलेली जागा तुझी. खुर्चीवर बसून काम करायचं होतंस. माझ्यासारखं जन्मभर उभं राहायचंय का तुला?"

सुनेने फडकं पिळलं. "सही करून टाका, आई. साहेब तरी किती थांबतील? मला मिळेल कुठेतरी काम."

"मोठी आलीस काम मिळवणारी!"

आत्याचा आवाज चढला तशा शेजारच्या टेबलांवरच्या कात्र्या थांबल्या. सुनेने मान वर केली नाही. भांडली असती, रडली असती, तर आत्याला बरं वाटलं असतं. या मुलीला तिनेच हाताला धरून शेडमध्ये आणलं होतं, चार वर्षांपूर्वी, लग्नाचं नवेपण पुरतं ओसरायच्या आत. आता चारचौघींत आपलीच मान खाली गेली, असं वाटून तिचा जीव चिडचिडा झाला. ती तडक मागच्या नळावर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवून उन्हात तो फोटो धरला.

चार वर्षांपूर्वी. हा हिशेब तिच्या मनात तसाच अडकून राहिला. सून आली तेव्हा करार होऊन दोन वर्षं उलटली होती. पान ठेवायचे दिवस तिने पाहिलेच नव्हते. पहिल्या दिवसापासून ती देठ फळाशी सपाट उडवत आली होती. जी सवय हाताला कधी लागलीच नाही, ती चुकून तरी कशी होणार?

आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. फळाशी नख-दोन नखं देठ सोडला होता, आणि पानाच्या अगदी वर एकाच फटक्यात तिरका काप घेतला होता. पान आपल्याकडे धरलं तर बाकी बायकांचा काप उजवीकडे उतरतो. हा डावीकडे उतरत होता.

लहानपणी मास्तरांनी मारमारून आत्याला लिहायला उजवा हात लावला होता. सही ती उजव्या हाताने करे. बाकी सगळं डाव्याने. दोनशे बायकांत डाव्या हाताची कात्री एकच होती, आणि ती या घडीला तिच्या कमरेला लटकत होती.

नळ वाहतच राहिला. पहिल्या तक्रारीनंतर सून एकदा सहज म्हणाली होती, "आई, तुम्ही फेऱ्या मारा, बायकांवर लक्ष ठेवा. तुमच्या खोक्यांवर शिक्के मारायचं मी बघते." आत्या फुशारली होती. सासूच्या पुढे पुढे करतेय, तपासनीस व्हायचंय ना, असं तिने बायकांत हसून सांगितलंही होतं. दोन महिने सून तिची खोकी ओढून घेत होती, चाळत होती, मग शिक्का मारत होती. कुठला शिक्का, ते आत्याने कधी पाहिलं नाही. दोन महिन्यांत अशी किती पानं खुडली असतील तिने? आणि एक राहून गेलं.

आत्याला एकदम खूप म्हातारं झाल्यासारखं वाटलं. लाजही वाटली, आणि त्या मुलीवर माया दाटून आली, आणि तिचा रागही आला. ओल्या हातानेच तिने नळ बंद केला. नुकत्याच बागेतून आलेल्या क्रेटमधून लांब देठाचं, दोन-तीन पानं असलेलं एक संत्रं उचललं आणि ती ऑफिसकडे निघाली.

सून तिथे आधीच पोचली होती. चौदाचा शिक्का तिने मॅनेजरच्या टेबलावर ठेवला होता आणि पदराच्या टोकाशी चाळा करत ती उभी होती. सही व्हायचा कागद होता तिथेच होता.

"साहेब, ते पान हिचं नाही," आत्या म्हणाली. "माझं आहे."

"आई, उगाच काहीतरी बोलू नका."

"तू गप्प बस."

मॅनेजरने डोळे चोळले. "आत्या, शिक्का चौदाचा आहे. घरातली माया मला कळते, पण—"

"माया गेली चुलीत. काप बघा." तिने फोटो टेबलावर पसरला, कमरेची कात्री काढली. "मी तुमच्यासमोर देठ कापते. आपल्या नियमाने, पान न ठेवता. फोटोतला काप बघा आणि हा बघा. मग तुम्हीच सांगा कुणाचा हात आहे."

तिने संत्रं उजव्या तळव्यात धरलं. कात्री दोनदा चालली, करकर, जशी एकतीस वर्षं चालत आली होती. नजर तिची मॅनेजरच्या चेहऱ्यावर होती. फळ तिने फोटोशेजारी ठेवलं.

"बघा."

मॅनेजर पुढे वाकला. त्याआधीच सुनेचा हात टेबलावरून झरकन फिरला आणि मागे गेला. तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. तिचा चेहराच सांगत होता. दोन महिन्यांच्या सवयीने हात आपसूक गेला होता, आणि आता मूठ पदराआड गच्च मिटलेली होती.

टेबलावर संत्रं होतं. देठ नख-दोन नखं सोडलेला, आणि त्यावर नुकतंच काहीतरी खुडल्याची ओली जागा.

मॅनेजरने गोळ्यांची पट्टी हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली. बाहेर दोनशे कात्र्या चालल्या होत्या.

आत्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचा होता तो. मग कमरेची वादी सोडली, कात्री तिला गुंडाळली आणि चौदाच्या शिक्क्याशेजारी ठेवली.

"मूठ उघड गं," ती सुनेला म्हणाली. "साहेबांना बघू दे."