भिंतीतला बेस

नवऱ्याची कंबर धरली नसती तर वहिनीनं जुना स्पीकर कधीच बदलला नसता. स्पीकर कसला, कपाटच ते. घरात त्याला सगळे 'सासरेबुवा' म्हणायचे, कारण तो जागचा हलायचा नाही आणि हलवायला गेलं की भांडण ठरलेलं. एका शनिवारी स्पीकर खाली नेताना जिन्याच्या वळणावर नवऱ्याच्या कमरेत अशी कळ आली की तो स्पीकरला टेकून पायरीवरच बसला. "अगं, आता घरात हा तरी राहील, नाहीतर मी," तो म्हणाला. वहिनीला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

वहिनी बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. ड्रमवर तिचा धाकटा दीर. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून गायिकाही म्हणायला लागली, मग साउंडवाला आणि शेवटी हॉटेलचा मॅनेजरसुद्धा. तिची त्याला हरकत नव्हती. बेस वाजवणाऱ्याला तसंही नावानं कोण ओळखतं? बेस म्हणजे जेवणातलं मीठ. असलं की कुणाला जाणवत नाही, नसलं की सगळे ताटावरून मान वर करतात.

दुकानात ती दिराला घेऊन गेली. "एकटीनं वाजवून काय कळणार? दुकानात सगळंच गोड लागतं," ती म्हणाली, आणि तिनं दिराला दुकानातल्याच ड्रमवर बसवलं. दुकानदारानं एकेक स्पीकर जोडून दिला. ती प्रत्येकावर सगळ्यात जाड तार आधी छेडायची. छोटे स्पीकर ड्रम सुरू झाल्याबरोबर फाटक्या पिशवीसारखे फडफडत. एक करडा, बुटका स्पीकर मात्र जागचा ढळला नाही. खालचे सूर त्यानं गोल, भरीव काढले. वहिनीनं तो एका हातात उचलला, दुकानाच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. "हाच," ती म्हणाली. त्यावर ठेवायचा, आवाज वाढवणारा नवा ॲम्प तर जेवणाच्या डब्याएवढाच होता. घरी नवऱ्यानं पडल्या पडल्या दोन्ही वस्तू पाहिल्या आणि म्हणाला, "कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात, ते हेच."

त्यांचा बँड दर रविवारी दुपारी एका जुन्या हॉटेलच्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवायचा. लाकडी जमीन, उंच खिडक्या, आणि येणारे बहुतेक सगळे निवृत्त झालेले. स्टेज बुटकं होतं आणि त्याच्या मागे प्लायवुडची भिंत, वर फिकट फुलांचा कागद चिकटवलेला. वहिनीनं नवा स्पीकर त्या भिंतीशी कोपऱ्यात ठेवला. पहिल्याच गाण्यात तिच्या लक्षात आलं की एक सूर ऐकू येतोय, जो तिनं थांबवलाय.

तो खालचा जी होता, पाश्चात्त्य सुरांतला, जाड तारेवरचा. तिनं बोट उचललं तरी तो मागे रेंगाळत होता.

गाणं संपल्यावर तिनं साउंडवाल्याला खूण केली. खांद्यावर कायम वायरीचं वेटोळं असायचं म्हणून त्याला सगळे वायरमामा म्हणत. तो डोकं वाकडं करून ऐकत राहिला.

"विजेची घूं असेल, वहिनी. ती आणि तुमचा खालचा जी जवळजवळ एकाच सुरातले. चोर आणि पोलीस एकाच गणवेशात."

"मग पकडा की चोराला."

मध्यंतरात मामा कामाला लागला. त्याचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष गेला तरी कशानं गेला ते कळत नाही. आधी केबल बदलली. मग बेसचा आवाज साउंडच्या मिक्सरला पोचवणारी छोटी डबी काढून दुसरी लावली, तिच्यावरचं अर्थिंग तोडायचं बटण दाबून पाहिलं. मग ॲम्पचा प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये. मग स्पीकर कोपऱ्यातून ओढून खुर्चीवर चढवला, कारण कोपरा खालच्या सुरांना फुगवतो. सूर तसाच.

शेवटी मामानं वैतागून ॲम्पच बंद केला. "आता वाजवा."

वीज नसली की बेस गिटारचा आवाज तो केवढा, डब्यावर रबर ताणून सोडल्यासारखा. वहिनीनं तार छेडली. टिचकीएवढा कोरडा आवाज आला. आणि क्षणभरानं मागच्या भिंतीतून तोच जी आला, जाड, भरलेला, पायाखालची फळी हलवणारा.

मामानं खांद्यावरची वायर खाली ठेवली. ती त्यानं कधी खाली ठेवलेली वहिनीनं पाहिली नव्हती.

"पोकळ आहे भिंत," तो म्हणाला. "मागे हवा असेल कोंडलेली. घुमत असेल."

"असेल," वहिनी म्हणाली. दोघांनाही ते पटवून घ्यायचं होतं.

पुढच्या रविवारी मागून सगळेच सूर येऊ लागले. तिनं वाजवलेला प्रत्येक सूर, क्षणभर उशिरानं. मग गाण्यागणिक तो उशीर कमी होत गेला. दुपार कलेपर्यंत दोन्ही सूर एकत्र पडायला लागले, आणि शेवटच्या संथ गाण्यात मागचा सूर तिच्या आधी आला. ती बोट ठेवणार त्याच जागेचा, ती ठेवण्याआधी. तिनं मुद्दाम चुकीचा सूर धरायचं ठरवलं. बोट चुकीच्या जागी गेलं, आणि भिंतीनं बरोबर सूर वाजवला.

वहिनीनं तळवा तारांवर सपाट ठेवला. एकही तार हलू दिली नाही. बेस चालूच राहिला. समोर म्हातारी जोडपी डोळे मिटून त्यावर पावलं टाकत होती. दीर मान डोलावत ड्रम वाजवत होता. उजवा हात हलताना दिसावा म्हणून ती नुसतीच हवेत बोटं फिरवत राहिली आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"वहिनी, आज काय जमलं होतं गं! असं घट्ट कधीच वाजवलं नव्हतंस," दीर घाम पुसत म्हणाला.

"मी वाजवतच नव्हते."

"चल, काहीतरीच."

मामा मिक्सरपाशी उभा होता. दीर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "शेवटचं गाणंभर तुमच्या चॅनलचा काटा हलला नाही. मला वाटलं यंत्र बिघडलं." मग आणखी हळू, "बिघडलं असतं तर बरं झालं असतं."

तेवढ्यात पांढऱ्या बुटांच्या आजी आल्या. त्या कधीच रविवार चुकवत नसत. त्यांना ऐकू येत नसे. लाकडी जमिनीतून जो कंप पायांत चढतो त्यावर त्या नाचत. त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्यानं विचारलं, "हल्ली तुम्ही दोघं वाजवता ना? दुसरा उभा कुठे असतो गं? मला दिसत नाही तो."



त्या आठवड्यात नवऱ्याचं कंबरदुखणं विकोपाला गेलं. रविवारी त्याला उठून बसताही येईना. वहिनीनं दिराला फोन करून सांगितलं, आज बेसशिवाय भागवा. खरं तर तिला सुटल्यासारखंच वाटलं. पण मन तिकडेच. आज लोक ताटावरून मान वर करतील, तिच्या मनात आलं, आणि त्या विचारानं तिला थोडं बरंही वाटलं.

संध्याकाळी दीर भावाला बघायला आला. मोकळेपणानं बोलेना. शेवटी नवरा म्हणाला, "काय रे, तोंड का शिवलंय?"

"छान झाला कार्यक्रम," दीर म्हणाला. "कुणी विचारलंच नाही, वहिनी कुठेय म्हणून. मीही अर्ध्यावर विसरलो. मी त्या ऐकू येणाऱ्या बेसच्या साथीनं वाजवत होतो, वहिनी, समजलं का तुला? मग सहज डावीकडे पाहिलं, तर तुझी जागा रिकामी." त्यानं वहिनीकडे पाहिलं. "मला थांबता येईना. हात थांबेचनात."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्याला धरून उभी राहिली. भीती होतीच, पण भीतीखाली दुसरंच काहीतरी जळत होतं. इतकी वर्षं तिनं ते मीठ घातलं होतं, आणि भिंतीनं ते अधिक चांगलं घातलं होतं.

सोमवारी सकाळी ती मामाला घेऊन मॅनेजरपुढे उभी राहिली. "ही भिंत काढा."

मॅनेजरला आधी चेष्टा वाटली. मग मामानं कालच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. बेस वाजवणारी घरी असताना वाजलेला बेस ऐकून मॅनेजरनं कपाळ पुसलं आणि सुताराला बोलावणं धाडलं.

सुतारानं फुलांचा कागद फाडला आणि प्लायवुडचा एक तुकडा सोडवला. मागे जुन्या स्टेजची अरुंद पट्टी होती, एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी. वाद्य नव्हतं, खुर्ची नव्हती, कुठली वायरही नव्हती. जमिनीवर धुळीचा जाड थर होता. मामानं टॉर्च खाली धरला.

वहिनी जिथे उभी राहायची त्याच्या बरोबर मागे, दोन पावलांएवढी जागा स्वच्छ होती. पॉलिश केल्यासारखी चकचकीत. बुटांची टोकं हॉलच्या दिशेला. तिथपर्यंत येणारं किंवा तिथून जाणारं एकही पाऊल धुळीत नव्हतं.

"उंदीर असतील," मॅनेजर म्हणाला.

"उंदीर बूट घालतात का, साहेब?" मामानं विचारलं. सुतार पैसे न मागताच हत्यारं गोळा करायला लागला; त्याला थांबवून उरलेली भिंत उतरवायला लावली तेव्हा तो सगळा वेळ त्या चकचकीत जागेकडे पाठ न करता काम करत होता.

पुढच्या रविवारी हॉल गप्प होता. वहिनीनं जी वाजवला, थांबवला, तो थांबला. तिला रडू येईल इतकं हलकं वाटलं. पण दुपार सरकू लागली तसं हॉलमध्ये काहीतरी बिनसलं. जोडप्यांची पावलं चुकायला लागली. लोक लवकर बसू लागले. वहिनीनं ॲम्पवरचे खालचे सूर वाढवले, मामानं मिक्सरवर वाढवले, तरी आवाज पाणी घातलेल्या आमटीसारखा पातळच. पांढऱ्या बुटांच्या आजी मधेच थांबल्या, जमिनीकडे पाहिलं आणि कोट घेऊन निघून गेल्या. जाताना वहिनीला म्हणाल्या, "त्याला कुठे पाठवलंत?"

आठवडाभर मॅनेजरकडे तक्रारी आल्या असाव्यात. पुढच्या रविवारी वहिनी पोचली तर स्टेजमागे नवीकोरी प्लायवुडची भिंत उभी होती. कागद अजून चिकटवायचा होता.

"लोकांना आवडत होतं हो," मॅनेजर नजर चुकवत म्हणाला. "आणि तुम्हालाही मदतच की. तुम्ही नुसतं उभं राहिलात तरी चालेल."

वहिनीनं गिटारची पिशवी खांद्यावरून उतरवली नाही. ती स्टेजवर गेली. हॉल रिकामा होता, ॲम्पला अजून वीजही लावली नव्हती. तिनं तळवा प्लायवुडवर टेकवला.

फळी हलकेच थरथरत होती. सूर नव्हे, सुरांच्या अलीकडचं काहीतरी: वर, थोडं खाली, पुन्हा वर. पलीकडे कुणीतरी तारा जुळवत होतं.

"इकडे ये," ती दिराला म्हणाली. "हात ठेव."

दीर कुरकुरत आला. हात ठेवला. मग हात काढून त्यानं पँटीला पुसला. तो ड्रमपाशी गेला आणि नुकतेच लावलेले झांजांसारखे दोन्ही सिंबल पुन्हा सोडवू लागला. गायिकेनं विचारलं काय झालं, तर म्हणाला, "गाडीत सांगतो." मामानं वायरी गुंडाळल्याच नाहीत, कवेत धरून तसाच बाहेर पडला. मॅनेजर दारापर्यंत मागे आला, करार, करार म्हणत. पण स्टेजवर पाय ठेवायला तोही तयार नव्हता.

त्या हॉटेलात रविवारचा नाच अजून चालतो. नवा बँड आहे. त्यात गिटार आहे, ड्रम आहे, बेसवाला नाही. गरज पडत नाही म्हणे.

वहिनीच्या बँडला पुढे एका बागेतल्या उपाहारगृहात काम मिळालं. तिथे स्टेज म्हणजे झाडाखालचा सिमेंटचा ओटा, मागे मोकळं मैदान. पहिल्या दिवशी नवरा मुद्दाम आला, सावकाश चालत, आणि पुढच्या टेबलाशी ताठ बसला. उघड्यावर बेसला आधार नसतो. कोपरा नाही, भिंत नाही, सूर निघतो आणि गवतावरून पळून जातो. पहिल्या गाण्यानंतर तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "तुझं फारसं ऐकूच येत नाहीये."

"अगदीच नाही?"

"येतंय, येतंय. पण कान देऊन ऐकावं लागतं."

"मग दे की," वहिनी म्हणाली. तिनं खाली वाकून आवाज जरासा वाढवला, दिराकडे पाहून मान हलवली, आणि त्यानं पुढच्या गाण्याचा ठेका धरला.