अडलेलं आमेन

मित्रांनो, चर्चच्या नव्या दारासाठी आणलेल्या लाकडातल्या दोन फळ्या उरल्या. त्या जोडून एका सुतारानं आपल्या घरासाठी जेवणाचं टेबल केलं. तेच मी. आता माझ्या कडा झिजल्यात, एक पाय लंगडतो. सकाळी खिडकीतून ऊन अंगावर आलं की अजूनही अंगात पानं सळसळल्यासारखी वाटतात.

घरातला पहिला घास नेहमी प्रार्थनेनंतर. सगळे माझ्यावर तळवे टेकायचे आणि सुताराच्या दोन मुलांची आई हळू आवाजात एकेकाचं नाव घ्यायची. सुतार देवाघरी गेला, तरी ही रीत मोडली नाही.

त्याला शेवटचं पोचवायला धाकटा मुलगा आला नाही. तो दूर बोटीवर नोकरीला होता. "यायचं असतं तर आला असता," थोरला म्हणाला आणि त्यानं भावाचं नाव घेणंच टाकलं. थोरला बेकरीत भट्टीवर काम करायचा. त्याचे तळवे सदा ऊबदार, पिठानं माखलेले. पण आई "माझ्या धाकट्याला सांभाळ, प्रभू," म्हणाली की तो माझ्यावरचा हात उचलायचा. तेवढ्यापुरतं त्याचं आमेन अडायचं. चार वर्षं असंच चाललं.

"बाबा, काकाच्या वेळी तुम्ही हात का काढता?" त्याच्या लेकीनं एकदा विचारलंच.

"जेव गुपचूप."

मग आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. महिनाभर बोलायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. घरी आल्यावर पहिल्या सकाळी तिनं थोरल्याकडे बोट दाखवलं: आता तू.

तो चाचरतच बोलू लागला. आईचं नाव घेतलं, बायकोचं, लेकीचं. मग थांबला. चहावर साय धरली. लेक एक डोळा किलकिला करून बघत होती. आई डोळे मिटून नुसती बसली होती. तिनं ना खूण केली, ना त्याला कोपरानं ढोसलं.

"आणि प्रभू, माझा भाऊ," तो शेवटी म्हणाला. "मी रागावलोय त्याच्यावर. राग जात नाही, तो तूच काढ. त्याला वेळेवर जेवायला मिळू दे."

त्याचा तळवा हलला नाही. आईला बोलायची मनाई, म्हणून तिनं बोटानं माझ्यावर दोनदा टकटक केलं. तेच तिचं आमेन.

चहा गार झाला होता. थोरल्यानं धाकट्याला फोन लावला.

"जेवलास का?" थोरल्यानं विचारलं.

"बसतोच आहे. दादा, आईला बोलायची मनाई आहे, तर तिच्यासारखी प्रार्थना तू कर ना एकदा. कान आसुसलेत."

फोन स्पीकरवर टाकून त्यानं माझ्या मधोमध ठेवला. थोरल्यानं सगळी नावं पुन्हा पहिल्यापासून घेतली. शेवटी दुरून आमेन आलं, आणि फोनची बारीक थरथर माझ्या पार पायापर्यंत गेली.

मित्रांनो, आम्हां टेबलांवर गरम पातेलं थेट टेकवू नका, ओलं फडकं तसंच पडू देऊ नका. आणि जेवायच्या आधी कुणाचं नाव घशात अडलं, तर घास गिळायची घाई करू नका. चहा पुन्हा गरम करता येतो.